सख्यासागर पाणी-तपासणी: प्रपोजलच्या नोंदी

५ जुलै २०२५

आजपासून सगळं इथेच लिहून ठेवणारे, म्हणजे ताईंना (त्या शिकवतात, त्यांचं डिपार्टमेंट या कामात आहे), काकांना आणि शिवपुरीच्या मंडळींना एकाच जागी वाचता येईल आणि मला चार फोनवर तेच तेच सांगायला नको. काम थोडक्यात असं आहे की मध्य प्रदेशात शिवपुरीजवळच्या माधव नॅशनल पार्कमधल्या सख्यासागर तलावाचं पाणी तीन वर्षं, दर महिन्याला, ठरलेल्या जागी, ठरलेल्या वेळी तपासायचं, आणि हे पार्कवाल्यांबरोबर मिळून करायचं. बाहेरून जाऊन चार बाटल्या भरून आणायच्या आणि मग पेपरात बातमी द्यायची, हे आपल्याला करायचं नाहीये.

तलाव १९१८ चा, मनियर नदी अडवून केलेला, शिवपुरी तेव्हा शिंदे सरकारची उन्हाळ्यातली राजधानी होती. साधारण २४८ हेक्टर. ७ जानेवारी २०२२ ला तो रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत गेला आणि या मार्चमध्ये माधवला टायगर रिझर्व्हचा दर्जा मिळाला, त्यामुळे आता सगळीकडे वाघाचीच चर्चा आहे. वाघ आले याचा मलाही मनापासून आनंद आहे. पण शहराचं सांडपाणी नाल्यांनी तलावाकडे येतं आणि जलपर्णी माजते ही तक्रार किती जुनी, आणि तरी सलग तीन वर्षांचे महिन्या-महिन्याचे आकडे एका कागदावर मागितले तर हातात काही येत नाही. मला तो कागद हवाय.

१३ जुलै

अमेरिकेत हे काम कसं चालतं ते वाचत बसले होते, त्यातलं आपल्या कामाचं तेवढंच लिहिते. तिथे नॅशनल पार्क सर्व्हिस आणि जिऑलॉजिकल सर्व्हे यांची पाण्याच्या तपासणीसाठी १९९८ पासून भागीदारी आहे. शास्त्रज्ञ एका खात्याचे, पार्क दुसऱ्या खात्याचं, आणि प्रपोजल दोघांनी मिळून लिहायचं. कामाचे प्रकारही आधीच ठरलेले: एखाद्या प्रश्नाचा खोलात जाऊन अभ्यास, किंवा ठरलेल्या ठिकाणी नियमित मोजणी, किंवा एकदाच पण खूप ठिकाणी फिरून घेतलेलं चित्र, किंवा नुसती तांत्रिक मदत. आणि हे सगळं दोन-तीन वर्षांत संपणारं. त्याच्या पलीकडे कायमची देखरेख वेगळी, त्यासाठी त्यांनी पार्कांची ३२ नेटवर्क केलीत, म्हणजे प्रत्येक पार्कला आपापली लॅब आणि आपापला तज्ज्ञ ठेवावा लागत नाही.

अजून एक फार आवडलं. तिथे शाळेतली मुलं आणि साधे लोक पार्कच्या पाण्यातून चतुराच्या अळ्या गोळा करतात आणि लॅबमध्ये त्यातला पारा मोजतात, शंभराहून जास्त पार्कांत हे झालंय. चतुराची अळी पाण्यातच वाढते, दुसरे किडे खाते, तिला मासे खातात, म्हणून पारा अन्नसाखळीत किती चढलाय ते तिच्यावरून कळतं.

ताईंना फोनवर सांगितलं तर त्या लगेच म्हणाल्या, "कल्पना चांगली आहे गं, पण सख्यासागरात मगरी आहेत हे विसरू नकोस, मुलांना काठावर उभं करायचं नाही." बरोबर आहे. आपल्याकडे काठावरून वाकून बाटली भरणं हा प्रकारच बंद. एकतर पार्कच्या बोटीतून किंवा बांधावरून दोरीला बादली बांधून, आणि दोन्ही वेळेला वनरक्षक बरोबर. हे प्रपोजलमध्ये सुरक्षेच्या खाली एक ओळ म्हणून न टाकता पद्धतीतच लिहायचं, कारण सॅम्पल कुठून घेणार हे त्यानेच ठरतंय.

२७ जुलै

काकांकडे, ग्वाल्हेरच्या चिटणीस की गोठमध्ये, दुपारभर बसलो. काका पीएचईत, म्हणजे सरकारी पाणीपुरवठा खात्यात केमिस्ट होते, अर्धं आयुष्य पाणी तपासण्यात गेलं, त्यांच्यासमोर "पाणी खराब आहे" असं नुसतं म्हणून चालत नाही, लगेच विचारतात "कशासाठी खराब?"

केंद्रीय प्रदूषण बोर्डाचे वर्ग घेऊन बसलो. ए म्हणजे नुसतं निर्जंतुक करून पिता येईल असं, बी आंघोळीचं, सी म्हणजे नीट प्रक्रिया करून पिण्याचं, डी वन्यजीव आणि मासे, ई शेती. आपला तलाव पार्कात आहे म्हणजे डी बघायचा. आणि डी मध्ये काय आहे तर पीएच ६.५ ते ८.५, विरघळलेला ऑक्सिजन लिटरला ४ मिलिग्रॅम किंवा जास्त, आणि मुक्त अमोनिया १.२ मिलिग्रॅम किंवा कमी. बस. फॉस्फरस नाही, नायट्रेट नाही, शेवाळ्याचं काही नाही. म्हणजे तलाव डोळ्यादेखत हिरवा होत असताना दुपारी बाराला सॅम्पल घेतलं तर ऑक्सिजन झकास येणार, कारण शेवाळंच तो सोडतंय, आणि कागदावर तलाव डी मध्ये पास. तोच ऑक्सिजन रात्रभर श्वासात वापरला जाऊन पहाटे सगळ्यात कमी होतो, मासे मरतात ते पहाटे.

काकांनी अजून एक दाखवलं. एकूण अमोनिया तेवढाच ठेवला तरी त्यातला विषारी, म्हणजे मुक्त भाग पीएचवर ठरतो. २५ अंशाला पीएच ७ असेल तर अर्ध्या टक्क्याच्या आसपास, ८ ला पाच टक्के, आणि ९ ला थेट तिसऱ्या हिश्श्याच्या वर. आणि शेवाळं माजलेल्या पाण्यात दुपारी पीएच चढतो. म्हणजे ऑक्सिजनची वाईट वेळ पहाट आणि अमोनियाची वाईट वेळ दुपार, एका फेरीत दोन्ही पकडायच्या तर मुक्काम करावाच लागणार. ही गोष्ट बजेटमध्ये जाणार आहे आणि त्यावरून भांडण होणार आहे हे आत्ताच लिहून ठेवते.

ठरलं: डी चे तीन निकष तर घ्यायचेच, शिवाय एकूण फॉस्फरस, नायट्रेट, क्लोरोफिल (शेवाळं किती ते कळायला), बीओडी (पाण्यातली घाण कुजताना किती ऑक्सिजन खाते ते), कोलिफॉर्म (मैल्यातले जंतू), आणि सेकी डिस्क. सेकी डिस्क म्हणजे काळी-पांढरी थाळी, दोरीने पाण्यात सोडायची आणि कुठे दिसेनाशी होते ते मोजायचं, इतकं स्वस्त आणि इतकं उपयोगी दुसरं काही नाही.

१२ ऑगस्ट

शिवपुरीला जाऊन आलो. पावसाने घाटीगाव ते मोहना सगळं हिरवंगार झालंय. एकही बाटली भरली नाही, परमिशनशिवाय भरायचीच नाही, नुसतं बोलायला गेलो होतो.

मी आमचा चार पानी मसुदा घेऊन गेले होते. पार्कच्या साहेबांनी तो शांतपणे वाचला आणि बाजूला ठेवून विचारलं, "ये सब ठीक है मैडम, पर हम हर साल जलकुंभी निकलवाते हैं, उससे पानी सुधरता है कि नहीं, ये बता पाओगे?"

मला वाटतं प्रपोजल तिथेच तयार झालं. आमच्या चार पानांत काय काय मोजणार ते होतं, पण कोणाला त्याचं काय करायचंय ते नव्हतं. त्यांना पैसे खर्च करून जलपर्णी काढायची आहे आणि तिचा उपयोग होतो का हे माहीत हवंय, हा खरा प्रश्न, आणि याचं उत्तर आमच्याच पद्धतीने मिळतं. फक्त मांडणी बदलावी लागेल: काढण्याच्या आधीचे महिने आणि नंतरचे महिने, जिथून काढली ती जागा आणि जिथे हात लावला नाही ती जागा, दोन्ही बरोबरीने. नाहीतर पावसाने पाणी सुधारलं आणि श्रेय मजुरांना, किंवा उलट.

तीन वर्षं कशाला, एक वर्ष पुरे, असंही एकाने म्हटलं. त्यावर ताईंनी फार छान समजावलं. जलपर्णी पाण्यातलं नत्र-फॉस्फरस ओढून घेते, बाहेर काढून लांब टाकली तर ते बरोबर जातं, काठावरच ढीग केला किंवा पाण्यात कुजू दिली तर सगळं परत पाण्यात, वर कुजताना ऑक्सिजनही खाते. आणि तळाच्या गाळात वर्षानुवर्षं साठलेला फॉस्फरस आहेच, तळाशी ऑक्सिजन संपला की तो सुटून वर येतो, म्हणजे उद्या सगळे नाले बंद केले तरी तलाव लगेच निवळत नाही. एका वर्षाच्या आकड्यांवर कोणी म्हणेल काहीच फायदा झाला नाही आणि चांगलं चाललेलं काम बंद पडेल.

निघताना एका जुन्या वनरक्षकांनी हाताने दाखवलं की नाल्याचं पाणी तलावात कुठून शिरतं आणि वारा कुठल्या महिन्यात जलपर्णी कुठल्या काठाला ढकलतो. नकाशावर सहा जागा त्यांच्या सांगण्यावरून ठरल्या, आमच्या मसुद्यातल्या दोनच टिकल्या. त्यांचं नाव टीममध्ये हवं, नुसतं आभारात नको, हे मी साहेबांना सांगितलं आणि ते हो म्हणाले.

२४ ऑगस्ट

परमिशन येईपर्यंत हात बसवायचा म्हणून आज ग्वाल्हेरमध्येच सराव. काकांनी विंकलर पद्धत, म्हणजे पाण्यातला ऑक्सिजन रसायनांनी मोजायची पद्धत शिकवली, मी, ताईंच्या दोन विद्यार्थिनी आणि शिवपुरीच्या कॉलेजचे सर.

आधी सागरताल. ३०० मिलिलिटरची काचेची बीओडी बाटली, पाणी खळखळ न करता भरायचं, बुच लावल्यावर आत एक बुडबुडा दिसला तरी काका ओतून टाकायला लावतात. मग पिपेटचं टोक पाण्याखाली धरून २ मिलिलिटर मँगनस सल्फेट, २ मिलिलिटर अल्कली-आयोडाइड-अझाइड, बुच, आणि बाटली सावकाश उलटी-सुलटी. आत तपकिरी गाळ धरायला लागला, ढगासारखा खाली बसत गेला. तपकिरी म्हणजे ऑक्सिजन आहे. मग ग्वाल्हेरच्याच लष्कर भागातल्या एका नाल्यावर तेच केलं. तेच मिलिलिटर, तीच बाटली, आणि गाळ आला तो पांढरा, आणि पांढराच राहिला. विद्यार्थिनी बघतच राहिल्या, एक म्हणाली "काका, काही चुकलं का?" काका म्हणाले, "काही नाही चुकलं बाळा, यात ऑक्सिजनच नाहीये."

मला तेव्हा वाटलं की ज्या कंपन्यांकडे पैसे मागायचेत त्यांना पॉवरपॉइंट दाखवण्यापेक्षा या दोन बाटल्या शेजारी शेजारी ठेवाव्या.

घरी येऊन ॲसिड घातलं, गाळ विरघळून पिवळट झालं, थायोसल्फेट, शेवटी स्टार्चचा निळा रंग आणि तो जाईपर्यंत थेंब थेंब. मीटरनेही मोजता येतं आणि आपण मीटर वापरणारच, पण दर फेरीला दोन बाटल्या विंकलरने करायच्या, मीटर खरं बोलतोय का ते कळायला. काकांची ही अट आहे आणि ती प्रपोजलमध्ये जशीच्या तशी गेली.

४ सप्टेंबर

गणपतीत कोणी भेटत नाही. फक्त संस्थेचे कागद जमवले: १२ए आणि ८०जी (दोन्ही इन्कम टॅक्सची), सीएसआर-१ चं रजिस्ट्रेशन (कंपन्यांचा सामाजिक कामाचा पैसा, म्हणजे सीएसआर, घ्यायला लागतं ते), तीन वर्षांचे ऑडिट. हे आधी तयार पाहिजे, पैसे देणारा हो म्हणाला की त्याला ते दुसऱ्या दिवशी लागतात.

१८ सप्टेंबर

बजेट. महिन्याला ६ जागा, वर्षाचे ७२ सॅम्पल, तीन वर्षांचे २१६. त्यावर दहा टक्के तपासणीचे सॅम्पल, म्हणजे तीच जागा दोनदा भरलेली किंवा नुसतं डिस्टिल्ड पाणी भरून पाठवलेलं, असे अजून २२. कोणीतरी विचारणारच की साध्या पाण्याच्या तपासणीचे पैसे का द्यायचे. कारण डिस्टिल्ड पाण्यात फॉस्फरस निघाला तर बाटल्या नीट धुतल्या नाहीत हे कळतं, नाहीतर तो फॉस्फरस आपण तलावाच्या नावावर लिहू.

गाडी: जाऊन-येऊन २३० किलोमीटर, ३६ फेऱ्या, ८२८० किलोमीटर, किलोमीटरला १४ रुपये धरले तर १,१५,९२०. शिवाय मुक्काम. आदल्या सकाळी ग्वाल्हेरहून निघायचं, दुपारी पीएच आणि अमोनिया, रात्री शिवपुरीत, पहाटे ऑक्सिजन, मग बाकीचे सॅम्पल, नऊ-साडेनऊपर्यंत सगळं बर्फात आणि गाडी ग्वाल्हेरकडे, कारण कोलिफॉर्मचं काम सहा तासांच्या आत लॅबमध्ये सुरू झालेलं बरं. बीओडी आपल्याकडे २७ अंशाला तीन दिवस ठेवतात, म्हणून गुरुवारी लॅबमध्ये लावायचं नाही, तीन दिवसांनी रविवार येतो आणि बाटली उघडायला कोणी नसतं. सोमवारी जायचं, मंगळवारी सकाळी सॅम्पल, शुक्रवारी रीडिंग.

पार्ककडून बोट, बोटवाला आणि वनरक्षक, हे पैशात नाही पण किंमत लिहून दाखवायची, म्हणजे पैसे देणाऱ्याला कळतं की पार्कनेही आपलं काही घातलंय.

७ ऑक्टोबर

एका कंपनीच्या सीएसआरवाल्यांबरोबर मीटिंग. दोन बाटल्यांचा फोटो दाखवला, त्यांना आवडला. मग म्हणाले की आम्ही तलावात तरंगणारं सेन्सरवालं मशीन देतो, त्यावर आमचा लोगो, उद्घाटनाला पाहुणे, पण गाडीभाडं, मुक्काम आणि लॅबची फी आमच्या पॉलिसीत बसत नाही.

मी नाही म्हणाले. मला राग आला होता आणि अजूनही आहे. लाखांचं मशीन मिळतं, पण ते दर महिन्याला पुसायला, कॅलिब्रेट करायला, त्याच्यावर चढलेलं शेवाळं काढायला माणूस जाणार त्याचं भाडं मिळत नाही, मग काही महिन्यांत ते मशीन वाट्टेल ते आकडे दाखवायला लागतं आणि लोक त्यावर विश्वास ठेवून बसतात. फॉस्फरस तर ते मोजतही नाही.

आणि पॉलिसीचं म्हणाल तर नियमात जागा आहे. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ खाली सरासरी नफ्याचे दोन टक्के खर्चायचे, अनुसूची सातमध्ये पाण्याचा दर्जा राखणं सरळ लिहिलेलं आहे, आणि २०२१ च्या दुरुस्तीपासून चालू प्रकल्प म्हणून सुरुवातीचं वर्ष सोडून पुढे तीन वर्षांपर्यंत काम घेता येतं, न खर्चलेले पैसे त्यासाठी वेगळ्या खात्यात ठेवता येतात. आपलं काम या चौकटीत नीट बसतं. पुढच्या मीटिंगला हे छापून न्यायचं.

१ नोव्हेंबर

डेटा कोणाचा यावर आज तीन तास, आणि मला वाटतं सगळ्या कामातले हे तीन तास सगळ्यात महत्त्वाचे. पार्कची बाजू अशी की आकडे आधी आम्हाला दाखवा, वाईट आले तर लोक आमच्यावरच येतात, नाले तर शहरातून येतात. चूक नाही त्यांचं. आमची बाजू अशी की आकडे अडवता येणार नाहीत, नाहीतर तीन वर्षांनी पुन्हा एक फाइल कपाटात.

मी घडियालांचं उदाहरण दिलं, आपल्याच भागातलं. २००७-०८ च्या थंडीत चंबळ अभयारण्यात शंभराहून जास्त घडियाल मेले, चिरून पाहिल्यावर मूत्रपिंडात गाउट सापडला, विषारी काहीतरी पोटात गेलं असावं असा संशय होता, देश-परदेशातले तज्ज्ञ आले, आणि तरी नेमकं कारण ठामपणे हाती लागलं नाही. संकट आल्यावर बाटल्या भरायला धावून उपयोग नसतो, आधीचं पाणी कसं होतं ते लिहिलेलं असावं लागतं. उद्या सख्यासागरात मगरींना काही झालं तर साहेबांनाच सगळ्यात आधी हा कागद लागेल.

शेवटी असं ठरलं: लॅबचे आकडे आले की पार्कला तीस दिवस आधी, त्यांना खुलासा जोडायचा असेल तर जोडावा, एकतिसाव्या दिवशी आकडे आणि खुलासा दोन्ही सगळ्यांसाठी खुले. आकडा बदलायचा किंवा थांबवायचा हक्क कोणालाच नाही. आणि पुढे जंगलातले पाणवठे घेतले तर त्यांचं नेमकं ठिकाण छापायचं नाही, वाघ तिथे येतात. या शेवटच्या मुद्द्यावर साहेब पहिल्यांदा हसले.

२३ नोव्हेंबर

टायगर रिझर्व्हसाठी वन्यजीव कायद्यात, कलम ३८ एक्समध्ये, टायगर कॉन्झर्व्हेशन फाउंडेशन असतं आणि पर्यटकांच्या गेट फीचे पैसे तिकडे जाऊ शकतात. साहेब म्हणाले बोट आणि वनरक्षकाचा भत्ता तिथून मागून बघू. हे झालं तर फार मोठी गोष्ट होईल, कारण सीएसआर तीन वर्षांनी जाणारच आणि गेट फी दर वर्षी येत राहील.

दुसऱ्या एका कंपनीला भेटलो. तिथल्या मॅनेजर बाई स्वतः केमिस्ट्रीवाल्या निघाल्या, ब्लँक सॅम्पलचं, म्हणजे त्या डिस्टिल्ड पाण्याच्या बाटल्यांचं बजेट त्यांनी बघितलं आणि म्हणाल्या हे ठेवा, हे काढू नका.

१५ डिसेंबर

परमिशनचा अर्ज भोपाळला चीफ वाइल्डलाइफ वॉर्डनकडे गेला, कलम २८ आणि ३५(८) खाली, अभ्यासासाठी प्रवेश. पहिल्या पानावर पार्कचा प्रश्न साहेबांच्याच शब्दांत, त्याखाली पार्क, ताईंचं डिपार्टमेंट, शिवपुरीचं कॉलेज आणि आमची संस्था, चौघांच्या सह्या. सहा जागांचा नकाशा, सुरक्षेची पद्धत, डेटाचा करार, सगळं जोडलंय.

९ जानेवारी २०२६

कंपनीचं पत्र आलं. पहिल्या वर्षाचे पूर्ण पैसे, गाडी-मुक्काम-लॅब सगळं धरून, आणि पुढची दोन वर्षं चालू प्रकल्प म्हणून बोर्डाने मान्य केलीत, दर वर्षी आढावा घेऊन. मशीन नाही मागितलं, लोगो नाही मागितला. ताईंना फोन केला तर त्या बोलेचनात, मग म्हणाल्या "तीन वर्षं गं! तीन वर्षं!"

भोपाळहून दोन प्रश्न आलेत: बोटीत एका वेळी किती माणसं, आणि रसायनांचं काय करणार. पहिल्याचं उत्तर चार, त्यात वनरक्षक आणि बोटवाला धरून. दुसऱ्याचं असं की ॲसिड आणि अझाइड बंद डब्यात जाणार, वापरलेलं सगळं डब्यातच परत ग्वाल्हेरला लॅबमध्ये, एक थेंब पार्कात टाकायचा नाही. काका आज रात्री नीट लिहून देतायत, उद्या पाठवते. पार्कवाल्यांनी जलपर्णी काढायचं काम मार्चपर्यंत पुढे ढकलायचं कबूल केलंय, त्यामुळे आधीचे निदान एक-दोन महिने तरी मोजायला मिळावेत, म्हणून परमिशनचा पाठपुरावा आता दर आठवड्याला. बीओडीच्या बाटल्या अजून चोवीस लागतील, शिवपुरीच्या सरांनी बर्फाच्या पेट्यांचं बघतो म्हणून सांगितलंय.